कप्तानांचा हिरवा

मंगळवार, ४ मार्च

ही वही दुकानदाराच्या सांगण्यावरून आणली. छोट्या मॉडेलांचं सामान विकणारा हा गृहस्थ कपाळावर भिंग बांधून बसतो, म्हणून मी मनातल्या मनात त्याला 'तिसरा डोळा' म्हणतो. तो म्हणाला, "काका, रंग मिसळताना कशाचे किती थेंब टाकले ते लिहून ठेवा. नाहीतर एकदा जमलेला रंग पुन्हा जन्मात जमायचा नाही." माझी सारी नोकरी आवक-जावक विभागात गेली. लिहून ठेवायला मला कुणी शिकवावं याचं हसू आलं, पण वही घेतली.

आता वही आणलीच आहे तर थेंबांशिवायचंही लिहितो. सासरेबुवा चार मेला नव्वद वर्षांचे होतात. ते फेरीबोटीचे कप्तान होते. धक्क्याजवळच्या हॉलमध्ये त्यांच्या बोटीवरची जुनी मंडळी जमणार आहेत. बोट केव्हाच भंगारात गेली आणि फोटो आहेत ते सगळे काळे-पांढरे. मी तिचं हातभर लांबीचं मॉडेल करून त्यांना देणार आहे. सांगाडा झाला, डेक झाला, कठडे झाले. रंग तेवढा राहिला.

हे मी का करतोय? वही माझीच आहे, खरं लिहायला हरकत नाही. लग्नात कुणीतरी त्यांना विचारलं, जावई कसा आहे? ते म्हणाले, "चांगला आहे. कोरडा आहे." कोरडा म्हणजे पाण्यावर न वावरलेला. तेव्हापासून मी त्यांच्या लेखी माणूस नाही, कचेरी आहे. दारात दिसलो की आत सासूबाईंकडे वळून ओरडायचे, "कचेरी आली गं!" मला एकदाच त्यांच्या तोंडून 'शाब्बास, जावईबापू' ऐकायचं आहे. आता नाही तर कधी?

आमची ही मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेली आहे. जाताना बजावून गेली, "दर मंगळवारी बाबांकडे जा. नुसतं दारातून डोकावू नका, बसा." आज गेलो. दारातून डोकावलो.

शनिवार, ८ मार्च

हिरव्याची बाटली उघडली. वर तेलकट पाणी, तळाशी चिखल. बाटली जोरात हलवली. झाकण नीट लागलं नव्हतं हे नंतर कळलं.

तिसऱ्या डोळ्याला फोन केला. तो म्हणाला, "हलवलीत? काका, हलवायची नसते, ढवळायची असते. सगळा रंग तळाशी बसलेला असतो. काडीने तळ खरवडून सावकाश ढवळा."

सावकाश हा शब्द मला कधी मानवलाच नाही. हिचं केक फेटायचं यंत्र घेतलं, एका पात्याला तार वाकवून बांधली, तार बाटलीत घातली आणि बटण दाबलं. यंत्राला तीन वेग आहेत. चुकून तिसरा लागला.

हिचा फोन नेमका तेव्हाच यावा!

"काय करताय?"

"ढवळतोय."

"कशानं?"

"चमच्यानं."

"चमच्याचा असा आवाज येतो?"

मी म्हणालो, रस्त्यावर काम चाललं आहे. फ्रिज पुसून झाला. पडद्याला पहिल्यापासून नक्षी होतीच, त्यात आणखी थोडी भर पडली. छताला माझा हात पोचत नाही, म्हणजे हिचाही पोचणार नाही.

रविवार, ९ मार्च

ढवळायला चपट्या काड्या लागतात. काड्यांसाठी आइसक्रीम खावं लागतं. डॉक्टरांनी गोड बंद केलं आहे, पण कलेसाठी माणसाने काहीतरी सोसलंच पाहिजे. आज बरंच सोसलं.

मंगळवार, ११ मार्च

बोट हिरवी होती एवढं नक्की. ही म्हणते हिरवी, आणि बोटीवरच्या इंजिनवाल्या काकांनाही फोन करून विचारलं, तेही म्हणाले हिरवी. पण हिरवी म्हणजे कोणती हिरवी? ते सांगायला कप्तानांपेक्षा मोठा अधिकारी कोण! पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर चार हिरवे लावले आणि घेऊन गेलो.

सासरेबुवा खिडकीशी टोमॅटो निवडत होते. एकेक उचलायचे, अंगठ्याने दाबायचे, मग पिकलेला इकडे नि कच्चा तिकडे. नजर मात्र अजून तल्लख. समोरच्या इमारतीवरच्या घड्याळात किती वाजले ते चष्म्याशिवाय सांगतात. कपड्यांच्या बाबतीत तेवढे निष्काळजी झाले आहेत. एक मोजा हिरवा, दुसरा तांबूस. सासूबाई होत्या तोवर कपडे त्याच काढून ठेवत.

पट्ट्या दिल्या. एकेक पट्टी उजेडात धरली, तिरकी केली आणि मग नाकाशी नेऊन हुंगली! याला म्हणतात जाणकार. आम्ही कचेरीवाले रंग नुसते बघतो.

"उग्र आहेत," ते म्हणाले. "आमची बोट अशी ओरडत नव्हती. शांत करा. पुढच्या मंगळवारी आणा."

मी उठलो तर म्हणाले, "चहा घेऊन जा." या घरात मला चहा नेहमी हिच्या निमित्ताने मिळत आला. आज पहिल्यांदा माझ्या निमित्ताने मिळाला.

बुधवार, १२ मार्च

तिसरा डोळा सांगतो, भडक हिरवा शांत करायचा तर त्यात थेंबभर लाल टाकायचा. हिरव्यात लाल! मला वाटलं चेष्टा करतोय. टाकून पाहिला, आणि खरंच हिरवा खाली मान घालून बसला. हिरवा वीस थेंब, पांढरा तीन, लाल एक.

मंगळवार, १८ मार्च

"बरा आहे. पण अजून शांत करा," सासरेबुवा म्हणाले. पुन्हा हुंगला. पुन्हा चहा, आणि आज सोबत बिस्किटंही.

आज ते बोलायला लागले. समोरच्या धक्क्यावर एका खांबाला दोन दिवे होते, एक लाल आणि एक हिरवा. त्यावरून कळायचं की धक्का मोकळा आहे की थांबायचं. पण यांच्या बोटीवर कुणीही 'लाल लागला', 'हिरवा लागला' असं म्हणायचं नाही. 'वरचा लागला', 'खालचा लागला' असंच म्हणायचं. नवा माणूस चुकला तर त्याला दिवसभर दोर घासायला बसवायचे. शिस्त म्हणजे शिस्त! आमच्या कचेरीत अशी शिस्त असती तर फायली हरवल्या नसत्या.

"मग पुढं सरकारनं तो खांब काढला," ते म्हणाले. "एकच दिवा बसवला. रंग बदलणारा. वाईट दिवस आले."

"मग?"

"मग काय! पोरगी होती ना माझी. शाळा सुटली की माझ्याशेजारी येऊन बसायची." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. म्हातारपणी माणूस असाच एका विषयावरून दुसऱ्यावर जातो. दिव्यांवरून एकदम लेकीवर आले.

गुरुवार, २० मार्च

हिला फोनवर सगळं सांगितलं. चहा, बिस्किटं, नाकाने रंग पारखणं. तिने विचारलं, "रंग कोण ठरवतंय?"

"बाबा."

पलीकडे एकदम शांतता. नेटवर्क गेलं असावं. मग आवाज आला, "अहो, त्यांना नका विचारू रंगाबिंगाचं. थकतात ते."

थकतात? मी निघालो तर दारापर्यंत सोडायला येतात! पोटची पोर असून बापाची पारख नाही. मी विषय बदलला.

मंगळवार, १ एप्रिल

मागच्या मंगळवारचं लिहायचं राहिलं. दोन्ही मंगळवारी एकच निकाल: अजून शांत. आता लालचे थेंब सहावर गेले आहेत. मीही हुंगायला लागलो आहे. लाल वाढला की वास जरा गोडसर होतो असं माझं मत बनत चाललं आहे. काल तिसऱ्या डोळ्याच्या दुकानात बाटली हुंगत उभा होतो तेव्हा त्याने खुर्ची पुढे केली आणि पाणी विचारलं.

आज सासरेबुवांनी मला सुकाणू कसं धरायचं ते शिकवलं. सुकाणू म्हणून ताटली होती. मी ती घट्ट धरली. "सोडा हो," ते म्हणाले, "कचेरीचं कपाट नाही ते." फार हसलो दोघंही.

शुक्रवार, ४ एप्रिल

लाल नऊ. तिसऱ्या डोळ्याला पट्टी दाखवली. भिंग डोळ्यावर ओढून त्याने पाहिलं.

"कौलं रंगवताय?"

"बोट आहे."

"काका, हा तपकिरी आहे."

लहान तोंडी मोठा घास! याने आयुष्यात पाण्यात पाय घातला नाही आणि निघाला कप्तानाला शिकवायला. पण घरी येऊन खिडकीशी पट्टी धरली, आणि खोटं कशाला बोलू, जरा तपकिरीच वाटली. रोज एकेक थेंब वाढवत गेलो, त्यामुळे कधी झाली ते कळलंच नाही. बराच वेळ विचार केला. आता असं पाहा. हिरवी कोण म्हणतं? ही, आणि इंजिनवाले काका. ही तेव्हा फ्रॉकमधली पोर. काकांचा सारा जन्म गेला इंजिनाच्या खोलीत, म्हणजे बोटीच्या पोटात. पोटात बसून बोटीचा बाहेरचा रंग दिसतो का? उलट कप्तान धक्क्यावरून चालत बोटीकडे यायचा, रोज. तेव्हा बोट हिरवी होती ही नुसती समजूत आहे. मी मनाशी निर्णय घेऊन टाकला आणि शांत झोपलो.

मंगळवार, ८ एप्रिल

"हाच!"

पट्टी उजेडात धरली, तिरकी केली, हुंगली आणि म्हणाले, "हाच. एवढाच गडद होता. हाच आमचा हिरवा."

हिरवा म्हणाले. जुन्या माणसांच्या बोलण्यात रंगांची नावं जरा सैल असतात. मी दुरुस्ती केली नाही. एवढ्या महिन्याभराच्या कष्टांनंतर शाब्बासकीच्या आशेने थोडा रेंगाळलो. ते म्हणाले, "आता नीट ढवळून लावा. आणि हो, बोट झाली म्हणून मंगळवार चुकवू नका."

रविवार, १३ एप्रिल

बोट रंगवून झाली. पट्ट्यापट्ट्यांनी नाही, सलग, तुकतुकीत. तळ खरवडून ढवळलेल्या रंगाला काय अंग येतं! हिला फोटो पाठवला. लगेच फोन.

"हे काय आहे?"

"बोट."

"कशानं माखलीय?"

"बाबांनी पसंत केलेला रंग आहे. हाच आमचा रंग, असं स्वतः म्हणाले."

पुन्हा नेटवर्क गेलं. मग म्हणाली, "कुणालाही दाखवू नका. इंजिनवाल्या काकांना तर मुळीच नको. मी येतेय." मुलीला, नातवाला सोडून येतेय! एवढं काय घडलं मला कळेना. छत पुसायला शेजाऱ्यांची शिडी आणली, पण डाग पक्का बसला होता.

बुधवार, १६ एप्रिल

आज थेंबांचा हिशेब नाही.

ही आली. पिशवी दारात टाकून थेट टेबलाशी गेली. तपकिरी बोटीकडे पाहिलं, खुर्चीत बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. मी घाबरून पाणी आणलं.

"बाबांना लाल-हिरवा कळत नाही," ती म्हणाली. "कधीच कळला नाही. जन्मापासून. दोन्ही एकसारखेच दिसतात त्यांना."

"पण ते कप्तान होते!"

"म्हणूनच तर कुणाला सांगितलं नाही. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी बोटीवरून उतरवलं असतं. खांबावर दोन दिवे होते तोवर वरचा-खालचा यावर भागलं. एकच दिवा झाला आणि मग मी शेजारी बसायला लागले. लोकांना वाटायचं लाडाची लेक आहे. मी दिवा सांगायची. 'बाबा, चला' म्हटलं की हिरवा, 'बाबा, भूक लागली' म्हटलं की लाल. शाळेच्या वेळात आई डबा घेऊन जायची. एवढा लांबलचक डबा कुणी खातं का?"

टोमॅटो, मोजे, खांब, शाळा सुटल्यावर शेजारी बसणारी पोर, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. सगळं मीच या वहीत लिहून ठेवलंय, आणि मला काडीचं कळलं नाही. आवक भरपूर झाली, पोचली कुठेच नाही.

"मग ते दर मंगळवारी काय बघत होते?" मी विचारलं.

ही माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला," ती म्हणाली. "आई गेल्यापासून त्या खोलीत दोन तास कोण बसलंय?"

मला एकदम भरून आलं. मी छताकडे बघितलं. तिनेही बघितलं. "ते हिरवं काय आहे?" तिने विचारलं.

शनिवार, १९ एप्रिल

आमची ही धावत का आली ते आता कळलं. ती तपकिरी बोट हॉलमध्ये मांडली आणि 'कप्तानांनी पसंत केलेला रंग' म्हणून मी छाती पुढे काढली, तर सगळ्या जुन्या मंडळींसमोर नव्वदाव्या वर्षी त्यांचं बिंग मीच फोडणार होतो. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात.

तर आज पुन्हा सुरुवात. या वेळी काडी हिच्या हातात. ती ढवळते ते बघत राहावं असं. घाई नाही, बुडबुडा नाही, काडी तळाला टेकून फिरते आहे. "कठड्याला टेकलं की माझ्या फ्रॉकला लागायचा," ती म्हणाली. "आई घासघास घासायची. तो रंग मी विसरेन होय?"

"पांढरा घाला. बास. आता निळा, एकच. अहो, एक म्हटलं ना!" आणि मग काडी वर काढून उजेडात धरली, आणि तिचा चेहरा फ्रॉकमधल्या पोरीसारखा झाला. "हा," ती म्हणाली.

सुंदर हिरवा आहे. पण एक अडचण आहे. सासरेबुवांना लाल-हिरवं कळत नसलं तरी फिका-गडद बरोबर कळतो. त्यांनी पसंत केलेला गडदपणा आमच्या हिरव्यात नसला तर? 'हा तो नव्हे' म्हणाले तर काय सांगायचं?

मंगळवार, २२ एप्रिल

नवी पट्टी घेऊन गेलो. त्यांनी ती उजेडात धरली, तिरकी केली, हुंगली.

"हाच आहे की," ते म्हणाले. "मागचाच. पुन्हा कशाला आणलात?"

"आणखी ढवळून पाहिला."

"बरं केलंत."

म्हणजे म्हाताऱ्याला जेवढं दिसत होतं तेवढं त्याने अचूक लक्षात ठेवलं होतं! घरी येऊन हिला सांगितलं. तिने नुसती मान हलवली आणि कितीतरी वेळ पट्टी हातात घेऊन बसली.

रविवार, ४ मे

हिच्या हिरव्याने पुन्हा रंगवलेली बोट हॉलमध्ये टेबलावर मांडली. इंजिनवाले काका काठी टेकत आले, चष्मा पुसला आणि एकदम मोठ्याने म्हणाले, "अरे, हा तोच! हाच हिरवा! फोटो तर काळे-पांढरे, मग जमवला कुणी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "कप्तानांनी. मी आणत गेलो, ते दुरुस्त करत गेले. डोळा त्यांचा, हात माझा."

शब्द न् शब्द खरा होता. ही माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा हात दाबला. सासरेबुवा खुर्चीत ताठ बसले होते. "आमच्या कचेरीनं केलंय," ते सगळ्यांना म्हणाले. 'आमच्या' म्हणाले. शाब्बास नाही म्हणाले, पण तेवढ्यावर मी दोन ताटं जेवलो.

निघताना त्यांनी मला खाली वाकायला लावलं.

"मंगळवारी या."

"येतो. पण बोट तर झाली, बाबा."

"कुठं झाली? धुराडं काळं केलंत. ते तांबडं होतं." मग माझ्याकडे नीट बघून हळूच म्हणाले, "असं सगळे म्हणायचे."

त्यांना कळलं होतं. मला कळलंय हे त्यांना कळलं होतं. मी म्हणालो, "चार नमुने घेऊन येतो."

मंगळवार, ६ मे

लाल ढवळला, काडीने, तळ खरवडून, सावकाश. चार पट्ट्या केल्या. वाटेत भाजीवालीकडे थांबून टोमॅटो घेतले, एकेक बघून, लालभडक तेवढेच.

सासरेबुवांनी चारही पट्ट्या उजेडात धरल्या, तिरक्या केल्या, हुंगल्या. "उग्र आहेत. शांत करा. पुढच्या मंगळवारी आणा."

मग पिशवीत हात घातला. एक टोमॅटो काढून दाबला. दुसरा दाबला. तिसरा दाबला. मग दाबायचं थांबले आणि पिशवी तशीच बाजूला ठेवली.

"सगळे पिकलेले," ते म्हणाले. "शाब्बास, जावईबापू."

घरी आलो तर हिने विचारलं, नमुने पसंत पडले का. मी म्हणालो, छे, अजून बरेच मंगळवार लागतील.